व्याजाचा रुपयाही न भरता पत कशी उभारावी : पहिल्या पगारापासून पहिल्या मोठ्या कर्जापर्यंत

नोकरीची पहिली दोन-तीन वर्षे सुरळीत गेलेली असतात, कोणाचे एका पैचेही देणे नसते, बचत खात्यात बऱ्यापैकी शिल्लक असते, आणि तरीही गाडीच्या किंवा घराच्या कर्जासाठी अर्ज केल्यावर ‘तुमचे सिबिलच दिसत नाही’ असे उत्तर बँकेतून मिळते. हा अनुभव आलेल्या तरुणांना आपल्यावर अन्याय झाला असे वाटते, आणि ते समजण्यासारखेही आहे. पण बँकेच्या दृष्टीने पत म्हणजे तुमच्याकडे असलेला पैसा नव्हे, तर उसना घेतलेला पैसा तुम्ही ठरल्या दिवशी परत केल्याची नोंद होय. बचत खात्यातली शिल्लक, दरमहा चालणारी एसआयपी, वेळेवर दिलेले घरभाडे, डेबिट कार्डाने केलेली खरेदी आणि बचत खात्यातून दिवसाला दहा वेळा होणारे यूपीआय व्यवहार यांतले काहीही या नोंदीत जमा होत नाही.

म्हणून पत ही मोठ्या कर्जाची गरज पडण्याच्या दोन-तीन वर्षे आधीपासून उभारावी लागते. मात्र त्यासाठी कर्ज काढून व्याज भरलेच पाहिजे असा जो समज पसरला आहे, तो चुकीचा आहे. थोडी शिस्त ठेवली तर व्याजाचा एक रुपयाही न देता चांगला पत-इतिहास तयार होतो.

नोंद कोण ठेवते आणि तिचा परिणाम कुठवर जातो

बोलण्यात आपण सरसकट ‘सिबिल’ म्हणतो, परंतु रिझर्व्ह बँकेची परवानगी असलेल्या अशा चार कंपन्या देशात आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. २००५ च्या पतमाहिती कंपन्यांविषयीच्या कायद्याखाली त्या काम करतात. बँका, बिगर-बँक वित्तसंस्था आणि कार्ड कंपन्या प्रत्येक कर्जदाराची माहिती या चौघींना पाठवतात. पूर्वी ही माहिती महिन्यातून एकदा जात असे, तर १ जानेवारी २०२५ पासून ती किमान दर पंधरवड्याला पाठवण्याचे बंधन आले. त्यामुळे चुकलेला हप्ताही लवकर दिसतो आणि भरलेली थकबाकीही.

या नोंदींवरून काढलेला पतगुणांचा आकडा, म्हणजे स्कोअर, ३०० ते ९०० यांच्या दरम्यान असतो आणि व्यवहारात ७५० च्या पुढचा आकडा चांगला मानला जातो. ज्याने कधीच कर्ज घेतले नाही त्याचा स्कोअर शून्य नसतो, तर ‘इतिहास नाही’ असा शेरा असतो. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण कोरी पाटी आणि खराब नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केवळ पूर्वीचा इतिहास नाही एवढ्याच कारणावरून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज फेटाळू नये, असे बँकांना सांगितलेले असल्याचे केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेत स्पष्ट केले. किमान स्कोअर किती असावा हेही रिझर्व्ह बँकेने ठरवून दिलेले नाही. ही तरतूद दिलासा देणारी आहे, पण तिच्यावर विसंबून राहणे शहाणपणाचे नाही, कारण कर्ज द्यायचे की नाही आणि कोणत्या दराने द्यायचे हा निर्णय शेवटी बँकेचाच असतो.

दराचा फरक किती जड जातो ते एका हिशेबावरून कळेल. समजा, ४० लाख रुपयांचे गृहकर्ज २० वर्षांसाठी घेतले. ८.५ टक्के दराने त्याचा मासिक हप्ता सुमारे ३४,७०० रुपये होतो आणि ९.२५ टक्के दराने सुमारे ३६,६०० रुपये. महिन्याला १,९०० रुपयांच्या आसपास दिसणारा हा फरक पूर्ण मुदतीत साडेचार लाखांच्या वर जातो. अनेक बँका गृहकर्जाचा दर स्कोअर पाहून ठरवतात, तेव्हा हा प्रश्न केवळ कर्ज मिळण्या-न मिळण्याचा राहत नाही.

बँक भरतीच्या परीक्षांची तयारी करणाऱ्यांनी तर याकडे विशेष लक्ष द्यावे. या परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएस संस्थेच्या जाहिरातींमध्ये रुजू होताना पत-इतिहास चांगला असावा अशी अट आलेली आहे. थकबाकीची नोंद असलेल्या उमेदवाराची नियुक्ती स्टेट बँकेने रद्द केल्याचा निर्णय मद्रास उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये कायम ठेवला. गावाकडून पुण्यात येऊन खोली घेऊन अभ्यास करणाऱ्या मुलाने हप्त्यावर घेतलेल्या मोबाइलचे दोन हप्ते थकवले, तर त्याची किंमत कुठे मोजावी लागू शकते हे यावरून ध्यानात यावे.

पहिली पायरी : आपला अहवाल मागवणे

काहीही सुरू करण्याआधी आपल्या नावावर आज काय नोंदले आहे ते पाहावे. चारही कंपन्यांनी दर वर्षी एक संपूर्ण अहवाल स्कोअरसह विनामूल्य द्यावा असा नियम आहे. त्यांच्या संकेतस्थळांवर पॅन क्रमांक आणि मोबाइलवर येणारा ओटीपी देऊन तो मिळतो. चारही अहवाल एकदम न मागवता जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर असे एकेका कंपनीकडून मागवले, तर वर्षभर पैसे न देता आपल्या नोंदीवर लक्ष राहते. स्वतःचा अहवाल पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही. स्कोअरवर परिणाम होतो तो कर्जाच्या अर्जानंतर बँकेने केलेल्या चौकशीचा.

अहवाल हाती आल्यावर बरेच जण फक्त आकडा पाहतात आणि फाइल बंद करतात. खरी माहिती त्याच्या आतल्या पानांवर असते. नाव, जन्मतारीख, पॅन आणि पत्ता तपासावा. आपल्याकडे वडिलांचे किंवा पतीचे नाव मधले नाव म्हणून लावण्याची पद्धत असल्याने लग्नानंतर मुलींची कागदपत्रे बँकेत एका नावाने आणि पॅनवर दुसऱ्या नावाने राहतात आणि नोंदी जुळण्यात अडचण येते. नाव बदलायचे असेल तर ते पॅन, आधार आणि बँक खाते या तिन्ही ठिकाणी एकसारखे करून घ्यावे, आणि बदलायचे नसेल तर तिन्हीकडे जुनेच ठेवावे. त्यानंतर कर्जखात्यांची यादी वाचावी. प्रत्येक खात्यापुढे महिन्यांचे चौकोन असतात आणि त्यांत हप्ता किती दिवस उशिरा भरला याचा आकडा असतो. तिथे तीन शून्ये असणे उत्तम. ३० किंवा ६० असा आकडा दिसला, तर पुढचा प्रत्येक बँक अधिकारी त्याविषयी विचारणार हे धरून चालावे. ९० दिवसांच्या पुढे थकलेले खाते अनुत्पादक (एनपीए), म्हणजे वसुली धोक्यात आलेल्या कर्जांच्या वर्गात जाते आणि तिथून परत येणे फार कष्टाचे असते.

दुसरी पायरी : मुदत ठेवीवरचे कार्ड

ज्यांच्या नावावर काहीच नाही त्यांच्यासाठी मुदत ठेवीच्या तारणावर मिळणारे क्रेडिट कार्ड ही सर्वांत सुरक्षित सुरुवात आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. बँकेत उदाहरणार्थ २०,००० रुपयांची ठेव ठेवली, तर तिच्या साधारण ८० ते ९० टक्के मर्यादेचे कार्ड मिळते. ठेवीवर व्याज चालूच राहते. ठेव तारण असल्यामुळे पगाराची स्लिप किंवा जुना स्कोअर यांची अडचण सहसा येत नाही, म्हणून अठरा वर्षे पूर्ण झालेल्या विद्यार्थ्यालाही हा मार्ग खुला असतो. कार्ड घेताना दोन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात : वार्षिक शुल्क कायमचे माफ आहे का, आणि या कार्डाची माहिती चारही पतमाहिती कंपन्यांना पाठवली जाते का. देयक थकले तर बँक ठेवीतून पैसे वळते करून घेईल, पण तोवर झालेल्या उशिराची नोंद अहवालात राहतेच. तेव्हा ठेव आहे म्हणून निश्चिंत राहता येत नाही.

रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येते. त्यामुळे किराणा, औषधे किंवा पेट्रोल असा जो खर्च एरवी बचत खात्यातून होणारच होता, तोच कार्डावरून करता येतो. यासाठी एकच नियम पाळावा : खात्यात ज्याचे पैसे आज नाहीत ती वस्तू कार्डावर घ्यायची नाही.

सगळी खटपट स्कोअरसाठी असेल, तर महिन्याला एक-दोन ठरावीक खर्च पुरेसे आहेत. मोबाइलचे रिचार्ज आणि विजेचे बिल कार्डावर टाकले, देयक पूर्ण भरले आणि कार्ड घरी ठेवले, तरी नोंद तेवढीच चांगली होते. साधारण सहा महिन्यांत स्कोअर दिसू लागतो.

तिसरी पायरी : देयकाच्या तारखा समजून घेणे

कार्डाच्या बाबतीत सर्वाधिक नुकसान याच ठिकाणी होते, म्हणून हा भाग सावकाश वाचावा. प्रत्येक कार्डाला दोन तारखा असतात. एका तारखेला महिन्याचे देयक तयार होते आणि त्यानंतर काही दिवसांनी पैसे भरण्याची अंतिम तारीख येते. देयकावर दोन रकमाही छापलेल्या असतात : एकूण देय आणि किमान देय. किमान रक्कम भरली की थकबाकीची नोंद होत नाही हे खरे असले, तरी उरलेल्या रकमेवर व्याज चालू होते आणि नव्या खरेदीवरची बिनव्याजी सवलतही जाते. २०,००० रुपये बाकी असतील आणि दर महिन्याला साडेतीन टक्के असेल, तर एका महिन्याचे व्याज ७०० रुपये होते, त्यावर १८ टक्के जीएसटीचे १२६ रुपये लागतात, म्हणजे ८२६ रुपये मुद्दल कमी न होताच गेले. वर्षाला चाळीस टक्क्यांच्या आसपास जाणारा हा दर पगारदार तरुणाला परवडणारा नाही.

म्हणून कार्ड हाती येताच बचत खात्यातून आपोआप वजावट होण्याची सूचना बँकेला द्यावी, आणि ती देताना ‘पूर्ण रक्कम’ हाच पर्याय निवडावा. अनेक ठिकाणी ‘किमान रक्कम’ हा पर्याय आधीच निवडलेला असू शकतो, तो बदलावा. पगार महिन्याच्या एक तारखेला होत असेल, तर भरण्याची अंतिम तारीख पाच ते दहाच्या दरम्यान येईल अशी देयकाची तारीख मागून घ्यावी, कारण किमान एकदा देयकचक्र बदलण्याची मुभा कार्डधारकाला देणे कार्ड कंपनीवर बंधनकारक आहे. चुकून उशीर झालाच, तर तीन दिवसांच्या आत पैसे भरावेत. थकीत राहून तीन दिवसांहून अधिक काळ लोटल्याशिवाय खाते थकीत म्हणून कळवता येत नाही आणि दंडही लावता येत नाही.

मर्यादेपैकी किती वापरले यालाही वजन असते. ती मर्यादा सरसकट संपवणारा माणूस अडचणीत आहे असा अर्थ लावला जातो, त्यामुळे साधारण ३० टक्क्यांच्या आत राहावे असा सल्ला दिला जातो. हा काही रिझर्व्ह बँकेचा नियम नाही, पण पाळण्याजोगा अंदाज आहे. १८,००० रुपयांची मर्यादा असेल तर देयक ५,४०० रुपयांच्या आत ठेवावे. एखाद्या महिन्यात मोठा खर्च करावा लागला, तर देयक तयार होण्याच्या आधीच त्यातले काही पैसे भरून टाकावेत, म्हणजे नोंदली जाणारी रक्कम लहान राहते. कार्डावरून एटीएममधून रोख मात्र कधीही काढू नये, कारण तिच्यावर पहिल्या दिवसापासून व्याज लागते आणि शुल्क वेगळे.

शैक्षणिक कर्ज असेल तर

बऱ्याच तरुणांचा पत-इतिहास त्यांना न कळत आधीच सुरू झालेला असतो. अभियांत्रिकी किंवा वैद्यकीय शिक्षणासाठी काढलेले कर्ज विद्यार्थ्याच्या नावावर असते आणि आई किंवा वडील सहकर्जदार असतात, त्यामुळे प्रत्येक हप्त्याची नोंद दोघांच्याही अहवालात होते. अभ्यासक्रम संपल्यानंतर साधारण वर्षभर हप्ते सुरू होत नाहीत, मात्र त्या काळातही व्याज चढत असते. खरी अडचण सवलतीचा काळ संपल्यावर येते. नोकरी लागायची असते, बँकेचे पत्र गावच्या पत्त्यावर जाते, आणि पहिला हप्ता चुकतो. त्यामुळे सवलत संपण्याच्या दोन-तीन महिने आधी शाखेत स्वतः जावे, हप्त्याची तारीख व रक्कम लिहून घ्यावी, मोबाइल क्रमांक व पत्ता अद्ययावत करावा, आणि नोकरी नसेल तर हप्ता थकण्याच्या आधीच मुदतवाढीसाठी लेखी अर्ज करावा. थकल्यानंतर केलेल्या विनंतीपेक्षा थकण्याआधी केलेल्या अर्जाचा विचार बँक अधिक मोकळेपणाने करते, आणि वडिलांची पत आपल्या हातात आहे याची जाणीवही या टप्प्यावर ठेवलीच पाहिजे.

परदेशी शिकायला जाणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की इथला स्कोअर सामान्यतः तिथल्या बँकांच्या उपयोगी पडत नाही आणि तिथे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. इथले कर्ज मात्र इथेच नोंदले जात राहते, तेव्हा हप्त्याच्या खात्यात तीन-चार हप्त्यांची रक्कम कायम ठेवून जावे.

कशापासून दूर राहावे

दुकानातल्या ‘नो कॉस्ट ईएमआय’वर घेतलेला फोन, खरेदीच्या वेळी ‘नंतर पैसे द्या’ म्हणणारे ॲप आणि मोबाइलवरून दहा मिनिटांत मिळणारे दहा हजार रुपये ही सर्व कर्जेच आहेत. काही ॲपवर केलेली प्रत्येक लहान उचल अहवालात स्वतंत्र कर्ज म्हणून दिसू शकते, आणि अशा डझनभर उचली पाहून गृहकर्ज देणारी बँक बिचकते. घ्यावेच लागले, तर त्या ॲपच्या मागे कोणती बँक किंवा वित्तसंस्था आहे हे पाहावे, ते ॲप रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरील यादीत आहे का ते तपासावे, आणि कर्जाची सर्व आकारणी एका ठिकाणी सांगणारे मुख्य माहितीपत्रक मागून त्यातला वार्षिक खर्चाचा दर वाचावा. फोनमधील संपर्क आणि छायाचित्रे पाहण्याची परवानगी मागणारे ॲप तत्काळ काढून टाकावे.

एका वेळी चार-पाच ठिकाणी अर्ज करणे हीदेखील नेहमी होणारी गोष्ट आहे. एका बँकेने नकार दिला की घाईने दुसरीकडे, मग तिसरीकडे अर्ज जातो, आणि प्रत्येक चौकशी अहवालात दिसत राहते. नकाराचे कारण आधी विचारावे, ते दूर करावे, आणि मगच पुढचा अर्ज करावा.

मित्राला किंवा चुलतभावाला जामीन राहण्याचा प्रश्न नाजूक असतो, पण त्यात भिडेखातर सही करू नये. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ नुसार जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. त्याने हप्ता चुकवला की वसुलीचा तगादा तुमच्याकडे येतो, आणि ते कर्ज तुमच्याही अहवालात दिसते.

गावातल्या पतसंस्थेचे किंवा कर्मचारी पतपेढीचे कर्ज वर्षानुवर्षे नियमित फेडलेले असते, परंतु या संस्था रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखाली नसल्याने त्या परतफेडीची नोंद पतमाहिती कंपन्यांकडे जाईलच असे धरून चालू नये. भिशीचेही तसेच. या संस्थांचा आधार मोठा आहे आणि तो सोडावा असे मी म्हणणार नाही, मात्र बँकेकडची पत उभारायची असेल तर त्याच्या जोडीला वर सांगितलेले कार्ड हवे.

नोंद चुकीची असेल तर

फेडलेले कर्ज चालू दिसणे, दुसऱ्याचे कर्ज आपल्या नावावर येणे आणि पॅनचा गैरवापर होऊन आपल्याला ठाऊकच नसलेले कर्ज निघणे या तिन्ही गोष्टी घडतात. संबंधित पतमाहिती कंपनीच्या संकेतस्थळावर विनाशुल्क तक्रार नोंदवावी आणि त्याच दिवशी कर्ज देणाऱ्या संस्थेलाही पुराव्यांसह ईमेल पाठवावा, कारण त्या संस्थेने दुजोरा दिल्याशिवाय कंपनी स्वतःहून नोंद बदलत नाही. तक्रार दाखल झाल्यापासून ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई मिळण्याचा तुमचा हक्क आहे, आणि ही तरतूद २६ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. त्यानंतरही दाद न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. फसवणूक असेल तर सायबर गुन्ह्यांसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर आणि पोलिसांकडे तक्रार करून तिची प्रत जोडावी.

नोंद खरी असेल तर मात्र ती पैसे घेऊन पुसून देतो असे सांगणाऱ्या एजंटांच्या नादी लागू नये. खरी नोंद कोणालाही काढता येत नाही. ती मागे पडते ती थकबाकी भरल्यावर आणि त्यापुढचे अनेक महिने वेळेवर गेल्यावरच. थकबाकीवर तडजोड करून कमी रकमेत खाते मिटवले, तर तिथे ‘बंद’ऐवजी ‘तडजोड’ असा शेरा येतो आणि तो वर्षानुवर्षे नडतो. शक्य असेल तर उरलेली रक्कम भरून तो शेरा बदलून घ्यावा.

खाते बंद करताना

जुने कार्ड बिनशुल्क असेल तर ते चालू ठेवावे, कारण इतिहास जितका लांब तितका चांगला, आणि त्यावर अधूनमधून लहान खर्च करावा. वर्षभराहून अधिक काळ न वापरलेले कार्ड कंपनी सूचना देऊन बंद करू शकते. ज्याचे शुल्क लागते आणि उपयोग नाही, ते मात्र लेखी कळवून बंद करावे. नुसते कापून टाकलेले कार्ड बंद होत नाही. त्यावर ५०० रुपयांचे वार्षिक शुल्क आणि जीएसटी मिळून ५९० रुपये चढतात, देयक जुन्या ईमेलवर जाते, आणि तेवढ्याशा रकमेपायी चांगला अहवाल डागाळतो. सर्व बाकी भरलेली असेल तर विनंतीनंतर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करणे कंपनीवर बंधनकारक आहे, आणि त्यापुढच्या विलंबासाठी दिवसाला ५०० रुपये दंड तिने ग्राहकाला द्यायचा असतो.

कर्ज फिटल्यावर ना-देय दाखला मागून घ्यावा आणि तो जपून ठेवावा. दुचाकीचे कर्ज असेल तर त्यासोबत नमुना ३५ घेऊन आरटीओकडून नोंदणी प्रमाणपत्रावरचा वित्तसंस्थेचा बोजा उतरवून घ्यावा. त्यानंतर महिन्या-दीड महिन्याने अहवाल पुन्हा मागवावा आणि त्या खात्यापुढे ‘बंद’ असा शेरा व शिल्लक शून्य दिसते ना, याची खात्री करावी.